सोवळ्या भाषांचा केरकचरा

१९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत जॉन मॅकार्थी उद्योगजगतातल्या पाहुण्यांना लिस्प ही आपली नवी भाषा चालवून दाखवत होते. आयबीएम ७०४चं धूड त्याच्या खोलीत, पाहुणे चौथ्या मजल्यावर आणि दोघांच्या मधे क्लोज्ड सर्किट टीव्हीची सोय. उत्तरं उमटत होती ती फ्लेक्सोरायटर नावाच्या यंत्रावर, सेकंदाला दहा अक्षरं या वेगानं. संथपणे का होईना, सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात ते यंत्र कोणी न विचारता खडखडायला लागलं. गार्बेज कलेक्टरला पाचारण करण्यात आलं आहे, असं त्यानं एकेक अक्षर ठोकत जाहीर केलं आणि आता काही रंजक आकडेवारी सादर करतो म्हणून पुढचा पाढा सुरू केला.

पाहुण्यांना या कलेक्टरबद्दल कोणी अवाक्षरही सांगितलेलं नव्हतं. वेळ मोजका, आकडेवारी लांबलचक आणि टाइप होण्याचा वेग बैलगाडीचा. प्रात्यक्षिकाचा उरलेला सगळा वेळ त्या निवेदनातच जाणार हे उघड दिसत होतं. शिवाय वक्ता आणि श्रोते दोघेही हसूनहसून निकामी झाले होते. कोणीतरी खोडी काढली असावी, असंच काहींना वाटलं. हा किस्सा मॅकार्थींनी पुढे लिस्पचा इतिहास सांगताना स्वतःच नोंदवला आहे.

गंमत अशी, की एप्रिल १९६०मध्ये छापून आलेल्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात मॅकार्थींनी ही मेमरीच्या सफाईची पद्धत सविस्तर मांडली होती, पण तिचं नाव मात्र टाळलं होतं. प्रयोगशाळेत सगळे तिला तेव्हाही ‘गार्बेज कलेक्शन’च म्हणत. छापताना आपला धीर झाला नाही, किंवा संस्थेतल्या व्याकरण तपासणाऱ्या बायकांनी ते नाव चालू दिलं नसतं, असं त्यांनी नंतर मिश्कीलपणे लिहिलं. कागदावर जे नाव दडवलं, ते टीव्हीवर दवंडी पिटून बाहेर आलं.

निबंधातली पद्धत मोठी सुखवस्तू आहे. मेमरी संपेपर्यंत काहीही करायचं नाही. संपली, की प्रोग्रॅमला थांबवायचं आणि प्रोग्रॅमच्या हातात जे धागे आहेत ते धरून निघायचं. धाग्याला मेमरीतला जो शब्द, म्हणजे खण, लागेल त्याच्यावर खूण म्हणून उणे चिन्ह लावायचं, त्यातून निघणाऱ्या धाग्यांवर पुढे जायचं. शेवटी सगळी मेमरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळायची. उणे चिन्ह असेल तो शब्द वापरात, नसेल तो मोकळा. या कामाला काही सेकंद लागतील आणि दर खेपेला काही हजार जागा तरी मोकळ्या व्हायला हव्यात, नाहीतर प्रोग्रॅमचा बहुतेक वेळ सफाईतच जाईल, हा इशाराही निबंधातच आहे. प्रत्यक्ष कलेक्टर लिहिला तो डॅनियल एडवर्ड्‌स यांनी. ‘स्पेसवॉर’ या आद्य संगणकखेळात सूर्याचं गुरुत्वाकर्षण घातलं तेही याच एडवर्ड्‌सनी. एकाच माणसानं केरही काढला आणि ग्रहताऱ्यांची व्यवस्थाही लावली.

लिस्पच्या वाटेवर पुढे स्कीम, एमएल, अर्लांग, हास्केल, ओकॅमल अशी फंक्शनल भाषांची रांग लागली. लिस्प स्वतः तशी मोकळ्या वळणाची, पण पुढच्या पिढ्यांत सोवळं कडक होत गेलं. त्यांचा दंडक असा, की एकदा बांधलेली गोष्ट पुन्हा बदलायची नाही. यादीतला तिसरा आकडा चुकला? खोडायचा नाही. पहिले दोन आकडे नव्या खणांत लिहायचे, तिसरा दुरुस्त करून त्यांना जोडायचा आणि चौथ्यापासूनची शेपटी जुन्या यादीचीच वापरायची. जुनी यादी जागच्या जागी शाबूत. ज्याला हवी त्यानं ती खुशाल वाचावी. सी भाषेतला गडी तिसऱ्या खणात नवा आकडा थेट कोंबून चहाला गेला असता, पण सोवळ्यात ते चालत नाही.

याचे फायदे खरेच आहेत. आपण वाचत असलेली यादी दुसऱ्यानं पाठीमागून बदलली, ही भीती उरत नाही आणि प्रोग्रॅमबद्दल गणितासारखा युक्तिवाद करता येतो. तोटा एवढाच, की जुन्या यादीतले पहिले तीन खण आता बहुधा कोणालाच नको असतात आणि असे खण सेकंदाला लाखोंनी तयार होतात. लिस्पवाल्यांना प्रत्येक गोष्टीचं मूल्य कळतं, किंमत मात्र एकीचीही ठाऊक नसते, असा टोमणा ॲलन पर्लिस यांनी १९८२ साली मारला, तो या खणांकडे बघूनच मारला असावा.

कचरा म्हणजे यापुढे जे लागणार नाही ते, ही व्याख्या शहाण्यासुरत्या माणसाला लगेच पटते. अडचण अशी, की यापुढे काय लागणार आहे ते प्रोग्रॅम चालवून बघितल्याशिवाय सर्वसाधारणपणे कळत नाही. त्या दाराला ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच कुलूप घातलं आहे. मग सफाईवाला तडजोड करतो. ‘हे लागणार आहे का?’ असं विचारण्याऐवजी तो ‘हे कोणी धरून ठेवलंय का?’ एवढंच विचारतो. धरलेलं ते सगळं हवं असलेलं, असं मानून चालतो. गेल्या साठेक वर्षांत निघालेल्या सगळ्या युक्त्या या तडजोडीभोवती फिरतात आणि सगळ्या फजित्याही.

पहिली युक्ती मोजणीची. त्याच १९६० सालच्या डिसेंबरात जॉर्ज कॉलिन्स यांनी सुचवलं, की प्रत्येक वस्तूवर तिला किती जणांनी धरलंय याचा आकडा लिहून ठेवावा. नवा धरणारा आला की एक मिळवा, कोणी सोडलं की एक वजा करा, शून्य झालं की जागा परत घ्या. मेमरी संपायची वाट बघणं नाही, सगळा कारभार थांबवणं नाही. हिशेब चोख. तीन वर्षांनी हॅरोल्ड मॅकबेथ यांनी छोटंसं पत्र लिहून त्यातलं भोक दाखवलं: ‘अ’नं ‘ब’ला धरलं, ‘ब’नं ‘अ’ला धरलं आणि बाकी जगानं दोघांनाही सोडलं, तर दोघांचा आकडा कायम एकच राहतो. दोघं एकमेकांच्या शिफारशीवर जन्मभर नोकरीत.

एमआयटीतल्या झेन-पद्धतीच्या विनोदी गोष्टींपैकी डॅनी हिलिस यांनी लिहिलेली एक याच भोकावर आहे. लिस्प मशिन या खास लिस्पसाठीच्या संगणकावर काम करणारे डेव्हिड मून यांच्याकडे एक विद्यार्थी येतो आणि सांगतो, की उत्तम कलेक्टर कसा करायचा ते मला उमगलंय, प्रत्येक खणावर धरणाऱ्यांची संख्या लिहायची. मून शांतपणे त्याला एक गोष्ट सांगायला घेतात. गोष्ट अशी, की मून यांच्याकडे एक विद्यार्थी येतो आणि सांगतो, की उत्तम कलेक्टर कसा करायचा ते मला उमगलंय. पुढचं वाचकाला कळलंच असेल. ती गोष्ट अजून संपलेली नाही.

‘कोणी धरलंय’ हे ओळखणंही वाटतं तितकं सोपं नसतं. मेमरीत नुसते आकडे असतात. ४०९६ हा पगार आहे की पत्ता, हे आकड्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. हान्स बोम आणि मार्क वायझर यांनी १९८८मध्ये मांडलेला कलेक्टर संशयाचा फायदा देतो: पत्त्यासारखा दिसला तर पत्ताच समजा. गाइल या स्कीम भाषेच्या अवताराच्या २.० आवृत्तीनं २०११मध्ये हाच कलेक्टर स्वीकारला. त्यात कोणाची तरी बेरीज योगायोगानं एखाद्या जुन्या यादीच्या पत्त्याइतकी आली, की ती यादी तेवढ्यावर तगून राहते. ओकॅमलनं उलटी वाट धरली. तिथे प्रत्येक शब्दातला एक बिट ‘मी आकडा की पत्ता’ हे सांगायला राखीव असतो. म्हणून ६४ बिटांच्या यंत्रावर ओकॅमलचे पूर्णांक ६३ बिटांचे. नवख्या माणसाला वाटतं एक बिट कोणीतरी खाल्ला. तो सफाई खात्याकडे जमा असतो.

दुसरी युक्ती स्थलांतराची. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९६३मध्ये सुचवलं, की जिवंत असेल तेवढं दुय्यम साठवणीवर लिहून काढावं आणि तिथून परत मेमरीत नीट रचून आणावं. फेनिकेल आणि योकेल्सन यांनी १९६९मध्ये मेमरीचेच दोन भाग केले. एका भागात काम करायचं. तो भरला की धरलेल्या वस्तू तेवढ्या दुसऱ्या भागात नेऊन ठेवायच्या आणि पहिला भाग एका फटक्यात रिकामा जाहीर करायचा. पुढच्या वर्षी सी. जे. चेनी यांनी हेच काम जादा मेमरी न लागता कसं करायचं ते अवघ्या दोन पानांत लिहिलं. ती दोन पानं आजही फंक्शनल भाषांच्या पोटात कुठे ना कुठे चालू आहेत.

या पद्धतीत निम्मी मेमरी कायम रिकामी राहते, हे बघून काटकसरी माणसाचा जीव कासावीस होतो. पण मोबदला फार मोठा आहे. या कलेक्टरचा वेळ जातो तो जिवंत वस्तूंच्या प्रमाणात. कचरा हजार खणांचा असो की हजार कोटींचा, त्याला फरक पडत नाही, कारण तो कचऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. जगातला हा बहुधा एकमेव सफाईवाला, ज्यानं आयुष्यात केराला हात लावलेला नाही आणि तरी घर स्वच्छ आहे.

यातूनच अँड्र्यू ॲपल यांनी १९८७मध्ये एक उफराटा निष्कर्ष काढला. हातानं जागा परत करायची तर दर वस्तूमागे निदान एखादी सूचना खर्च होतेच. स्थलांतर करणाऱ्या कलेक्टरला मेलेल्या वस्तूंमागे काहीच खर्च नसतो. मेमरी मुबलक दिली, की तो क्वचितच जागा होतो आणि दर वस्तूमागचा खर्च शून्याकडे झुकत जातो. म्हणजे गार्बेज कलेक्शन हे स्टॅकवर जागा घेण्याहूनही स्वस्त पडू शकतं. न्यू जर्सीच्या स्टँडर्ड एमएलमध्ये मग फंक्शनांच्या चौकटीसुद्धा स्टॅकवर न ठेवता बिनदिक्कत हीपवर, म्हणजे कलेक्टर झाडतो त्या मेमरीत, टाकल्या जाऊ लागल्या. कचरा वाढवा म्हणजे सफाई स्वस्त होईल, हा सल्ला कोणत्याही नगरपालिकेनं मानला नसता. गणितात मात्र तो बसतो.

मुबलक मेमरीचा मोह लिस्पवाल्यांना आधीही झाला होताच. लिस्प मशिनवर पूर्ण सफाईला इतका वेळ लागे, की कित्येक जण ती बंदच ठेवत. मेमरी भरली, की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. जॉन एल व्हाइट यांनी तर १९८०च्या लिस्प परिषदेत पत्त्यांचा अवकाश इतका प्रचंड असताना सफाई करावीच कशाला, अशा अर्थाचा निबंध वाचला आणि शीर्षकातच सफाईला घातक ठरवून टाकलं. हा पंथ अजून जिवंत आहे. ईमॅक्स हा संपादक लिस्पवर चालतो आणि दर आठ लाख बाइट वापरले गेले की सफाईचा विचार करतो. हा आकडा ‘जीसी-कॉन्स-थ्रेशोल्ड’ नावाच्या चलात असतो. ईमॅक्स उघडायला लागणारा वेळ वाचवण्यासाठी त्याचे भक्त सुरुवातीलाच त्यात मावेल तेवढा मोठा आकडा भरतात. संपादक उघडला की तो परत खाली आणायचा असतो. पुष्कळांचं ते राहूनच जातं आणि मग आपला ईमॅक्स अधूनमधून समाधी का लावतो, याची चौकशी सुरू होते.

तिसरी युक्ती वयाची. हेन्री लीबरमन आणि कार्ल ह्यूइट यांनी १९८३मध्ये आणि डेव्हिड अंगार यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी १९८४मध्ये एका निरीक्षणाचा उपयोग केला: बहुतेक वस्तू जन्मल्या जन्मल्या मरतात आणि ज्या थोड्या तगतात त्या मग खूप टिकतात. म्हणून नव्या वस्तूंना एक छोटी जागा द्यायची, ती पुन्हापुन्हा झाडायची आणि दोन-चार झाडण्यांतून जे वाचेल ते जुन्यांच्या भागात चढवायचं. मराठी घरात याला माळा म्हणतात. स्वयंपाकघराचा ओटा दिवसातून चार वेळा पुसला जातो. तिथून वाचलेली वस्तू माळ्यावर गेली, की दिवाळीपर्यंत तिला कोणी विचारत नाही. लोणच्याची रिकामी बरणी, तुटका पंखा, कोणाच्या तरी बारशाला आलेलं पितळी तबक, सगळं तिथे सुखानं नांदतं. दिवाळीला मात्र सगळा कारभार थांबवून माळा उतरवावा लागतो आणि त्या दिवशी घरात दुसरं काहीही होत नाही. कलेक्टरच्या भाषेत ते मेजर कलेक्शन.

सोवळ्या भाषांना ही व्यवस्था फारच मानवते. वस्तू बनवताना ती फक्त आधीपासून असलेल्या वस्तूंनाच धरू शकते आणि नंतर तिला बदलायची तर बंदी. म्हणजे जुनी वस्तू नवीला धरूच शकत नाही. नवा भाग झाडताना जुन्यांची चौकशी करायचं कारण उरत नाही. इतर भाषांना यासाठी प्रत्येक बदलाची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. सोवळ्याचा इतका रोख फायदा दुसरीकडे क्वचितच दिसतो.

हास्केलच्या जीएचसी या कंपायलरनं नव्या वस्तूंच्या जागेला पाळणाघर म्हणणं पसंत केलं आहे. ते आधी एक मेगाबाइटचं होतं, ९.२ आवृत्तीत चार मेगाबाइटचं झालं. प्रोग्रॅम चालवताना ठराविक खूण दिली, की शेवटी तो एक प्रगतिपुस्तक छापतो: एकूण किती बाइट वाटले, सफाईत किती वेळ गेला, खऱ्या कामात किती गेला आणि तळाला उत्पादकता शेकडा किती. सर्वांत सोवळ्या भाषेतल्या या प्रगतिपुस्तकात खुद्द प्रोग्रॅमच्या रकान्याचं नाव ‘म्यूट’ असं असतं. हे म्यूटेटरचं लघुरूप, म्हणजे बदल करणारा. एड्‌सखर डाइक्‌स्ट्रा, लेस्ली लॅम्पोर्ट आणि मंडळींनी १९७८च्या निबंधात सफाई आणि काम एकाच वेळी चालवण्याचा विचार केला, तेव्हापासून कलेक्टरच्या दृष्टीनं प्रोग्रॅम म्हणजे मांडलेलं विस्कटणारा इसम ठरला. तो गणितज्ञ असला तरी.

आणि हास्केलमध्ये तो आरोप पूर्ण खोटाही नाही. हास्केल आळशी भाषा आहे. हे तिच्या निंदकांचं मत नसून तिच्या वर्णनातलं अधिकृत विशेषण आहे. सांगितलेली बेरीज ती लगेच करत नाही. लागेल तेव्हा करू, अशी चिठ्ठी लिहून ठेवते. या चिठ्ठीला थंक म्हणतात. कोणी उत्तर मागितलं, की बेरीज होते आणि चिठ्ठीच्या जागी उत्तर लिहिलं जातं. म्हणजे जुन्या भागातली चिठ्ठी आता नव्या भागातल्या उत्तराला धरते. बदल झालाच, फक्त तो भाषेच्या नजरेआड झाला.

या चिठ्ठ्यांतून जी गळती होते ती पाहण्यासारखी असते. एक ते दहा लाख आकड्यांची बेरीज ‘फोल्डएल’ या फंक्शननं करायला सांगितली आणि कंपायलरला सुधारणा करायची मुभा दिली नाही, तर हास्केल शून्य अधिक एक अशी चिठ्ठी लिहिते, मग ‘त्या चिठ्ठीचं उत्तर अधिक दोन’ अशी, मग ‘त्या चिठ्ठीचं उत्तर अधिक तीन’ अशी. एका आकड्याच्या उत्तरासाठी दहा लाख चिठ्ठ्यांची माळ. कलेक्टर येतो, बघतो, प्रत्येक चिठ्ठी पुढचीनं धरलेली असते, एकही उचलता येत नाही. उपाय म्हणजे फंक्शनच्या नावापुढे एक अपॉस्ट्रॉफी. ‘फोल्डएल-प्राइम’ ही त्याच फंक्शनची कामसू बहीण दर पावलाला बेरीज करत जाते. अनुभवी लोक नवख्यांना वर्षानुवर्षं तो एक टिंबाएवढा फराटा घालायला सांगत होते. अखेर २०२४मधल्या जीएचसी ९.१०मध्ये ती बहीण वेगळी आयात न करता आपोआप हाताशी मिळू लागली.

फिलिप वॉडलर हे हास्केलच्या जनकांपैकी एक. व्याख्यानाच्या भरात सदऱ्याची बटणं तोडून आतला लॅम्डाछाप सुपरमॅनी शर्ट दाखवण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांनी १९८७मध्ये अशाच एका गळतीवर कलेक्टरलाच कामाला लावलं. ‘या जोडीतला दुसरा’ अशी चिठ्ठी पडून असते. जोडी कधीच तयार झालेली असते, पण चिठ्ठी अख्ख्या जोडीला धरून बसल्यामुळे पहिलाही सुटत नाही आणि तो पहिला म्हणजे कदाचित अख्खी फाइल. वॉडलर म्हणाले, कलेक्टर तिथून जातोच आहे, तर त्यानंच जोडीतला दुसरा काढून चिठ्ठीच्या जागी ठेवावा आणि जोडी सोडून द्यावी. केर काढायला आलेल्या माणसानं टेबलावरच्या दोन फायली निकालात काढून जाव्यात, असा हा प्रकार. जीएचसीत तो रीतसर चालतो.

धरलेलं आणि हवं असलेलं यांतलं अंतर मोजण्याचं काम मुंबईतही झालं आहे. पवईच्या आयआयटीत अमिताभ सन्याल, उदय खेडकर आणि अमेय करकरे यांनी हा प्रश्न बरीच वर्षं लावून धरला. समजा एक यादी प्रोग्रॅमच्या हातात आहे, पण यापुढे तिची फक्त लांबी मोजली जाणार आहे. लांबी मोजायला खणांची साखळी लागते, खणांतल्या वस्तू लागत नाहीत. नेहमीचा कलेक्टर त्या सगळ्या वस्तू इमानेइतबारे सांभाळतो, कारण त्या धरलेल्या आहेत. पण कंपायलरनं आधीच कोड वाचून पुढे कुठे काय वापरलं जाणार याचा अंदाज बांधून ठेवला, तर कलेक्टर साखळी ठेवून वस्तू उचलू शकतो. सन्याल आणि करकरे यांनी केंब्रिजचे ॲलन मायक्रॉफ्ट आणि इतरांबरोबर २०१४मध्ये असा कलेक्टर मांडला, २०१६मध्ये त्याची आळशी भाषांसाठीची आवृत्तीही आली. किंमत म्हणजे आधीचं विश्लेषण. ट्युरिंग यांचं कुलूप तसंच आहे, खिडकी मात्र थोडी किलकिली झाली.

एरिक्सन या स्वीडिश टेलिफोन कंपनीत या सगळ्या विद्वत्तेला फुरसत नव्हती. तिथे जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६पासून अर्लांग घडवली ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी, आणि एकाच्या घरी सफाई चालू आहे म्हणून गावाचे फोन बंद, हे कोणी खपवून घेतलं नसतं. त्यांचा तोडगा सरळ आहे. प्रत्येक छोट्या प्रक्रियेला तिची स्वतंत्र हीप. सुरुवातीला फक्त २३३ शब्दांची. पुरली नाही तर ३७६, म्हणजे मागची दोन मापं १४२ आणि २३३ यांची बेरीज, वर एक. दुसऱ्याला निरोप पाठवायचा तर धागा द्यायचा नाही, नक्कल काढून द्यायची. ज्याचा केर त्यानं काढावा, शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि संभाषण संपून प्रक्रिया मेली, की तिची हीपच परत घेतात. आत काय होतं ते कोणी बघत नाही. पुष्कळशा प्रक्रिया एकदाही झाडू न मारता सुखानं मरतात.

फक्त ६४ बाइटांहून मोठे बायनरी तुकडे नकलायला महाग, म्हणून ते सामाईक जागेत ठेवून कॉलिन्सच्या पद्धतीनं मोजले जातात. मग नुसती इकडची पाकिटं तिकडे करणारी एखादी मध्यस्थ प्रक्रिया निघते. तिची स्वतःची हीप इतकी टापटीप असते, की झाडायची वेळच येत नाही आणि न झाडल्यामुळे तिनं धरलेल्या शेकडो मोठ्या पाकिटांचे धागे सुटत नाहीत. सर्व्हरची मेमरी भरते आणि संशय येतो तो सगळ्यांत स्वच्छ प्रक्रियेवर सगळ्यांत शेवटी. हा तपास इतका वारंवार करावा लागतो, की ‘रेकॉन’ या अवजारपेटीत ‘बिन-लीक’ नावाचं फंक्शनच आहे. ते प्रत्येक प्रक्रियेला सक्तीनं झाडू मारायला लावतं आणि कोणाच्या हातून जास्त पाकिटं गळली त्यांची नावं जाहीर करतं.

ओकॅमलची कथा भिजत घोंगड्याची. भाषा फ्रान्सची आणि भरभक्कम, पण एका वेळी प्रोसेसरचा एकच गाभा (कोअर) वापरणारी, कारण कलेक्टर तसा होता. अनेक गाभ्यांचा ओकॅमल करायचं काम केंब्रिजमध्ये २०१४च्या सुमारास सुरू झालं आणि पुढे त्याची धुरा सांभाळली के. सी. शिवरामकृष्णन यांनी, जे चेन्नईत आयआयटी मद्रासमध्ये शिकवतात. अट अशी, की जुने प्रोग्रॅम एका ओळीचाही बदल न करता आणि वेग न गमावता चालले पाहिजेत. नव्या वस्तूंच्या सफाईसाठी त्यांनी दोन रचना केल्या. एकीत प्रत्येक गाभा इतरांना न थांबवता आपली सफाई आपण करतो. ही दिसायला देखणी, हुशारीनं ठासून भरलेली. दुसरीत सगळे एकदम थांबतात, मिळून झाडतात, परत कामाला लागतात. २०२०च्या निबंधात दोन्हींची तुलना आहे. देखण्या रचनेपायी सी भाषेशी जोडलेला जुना कोड मोडत होता. निवड झाली ती ‘सगळे थांबा’वाल्या रचनेची आणि डिसेंबर २०२२मध्ये ओकॅमल ५.० तिच्यासह बाहेर पडली.

दरम्यान मोजणीवाले कॉलिन्स साठ वर्षांनी निर्दोष सुटले. मॅकबेथनी दाखवलेलं भोक म्हणजे ‘अ’नं ‘ब’ला आणि ‘ब’नं ‘अ’ला धरणं. पण आळस नसलेल्या, कडक सोवळ्याच्या भाषेत ‘अ’ बनताना ‘ब’ जन्मलेलाच नसतो आणि नंतर ‘अ’मध्ये बदल करता येत नाही. चक्र तयारच होत नाही. हे हेरून सबास्टियान उलरिख आणि लिओनार्डो द मोउरा यांनी २०१९मध्ये लीन ४ या भाषेसाठी मोजणीची पद्धत पुन्हा बाजारात आणली. हिशेबनिसांची चेष्टा इंग्रजीत ‘दाणे मोजणारे’ म्हणून होते. या दोघांनी निबंधाच्या शीर्षकातच आपण न बदलणारे दाणे मोजतो, असं सांगून टाकलं. कोका भाषेनं २०२१मध्ये ‘पर्सियस’ नावानं हीच कल्पना आणखी पुढे नेली.

या मोजणीतून जागा परत मिळते हा झाला अर्धा लाभ. बाकीचा अर्धा आकडा एक असतो तेव्हा मिळतो. ॲरेला धरणारा एकटाच असेल आणि तो त्यात बदल मागत असेल, तर नवी नक्कल करून जुनी फेकण्यात अर्थ काय? रनटाइम त्याच खणात थेट नवा आकडा लिहितो. सी भाषेतला चहाला गेलेला गडी जे करत होता, नेमकं तेच, फक्त कोणी बघणारा उरलेला नाही याचा दाखला जोडून. वरून सोवळं, आतून रोखठोक व्यवहार आणि दोन्ही बाजूंना समाधान.

आकडा दोन झाला, की मात्र समाधान संपतं. मग सोवळं पाळावंच लागतं आणि दहा लाख खणांच्या ॲरेची अख्खी नक्कल निघते. प्रोग्रॅम बरोबर उत्तर देतो, फक्त रांगत रांगत देतो. अशा वेळेसाठी लीनमध्ये ‘डीबीजी-ट्रेस-इफ-शेअर्ड’ नावाचं फंक्शन ठेवलेलं आहे. संशयित ॲरे त्यातून गाळून घ्यायचा. धरणारा एकच असेल तर ते गप्प बसतं, दुसरा कोणी असेल तर पडद्यावर चहाडी करतं. तो दुसरा कोण, हे मात्र सांगत नाही. मग प्रोग्रॅमर एकेक फंक्शन उलगडत मागे जातो आणि कित्येकदा हाती लागतं ते त्यानंच वरच्या ओळीत जुन्या ॲरेला दिलेलं नाव. शेवटी जुनी आणि नवी लांबी शेजारीशेजारी छापून बघू, म्हणून राखून ठेवलेलं.